विहिरीवरचं इंजिन

माझ्या लहानपणी आमच्या शेतातलं इंजिन घरात बसून ऐकू यायचं. ओढा ओलांडला की आमचा बांध लागायचा, आणि वारं गावाकडं असलं की अव्वा, म्हणजे माझी आई, भाकरी थापता थापता हात थांबवून कान द्यायची. "लागलं," एवढंच म्हणायची आणि पुन्हा थापायला लागायची. इंजिन फार मोठं नव्हतं. दोन माणसांनी काठी घालून उचलून न्यावं एवढं, रॉकेलवर चालणारं. चाकाला दोरी गुंडाळून हिसका मारायचा, पेट्रोलचे थोडे थेंब पाजून जागं करायचं आणि अंगात ऊब आली की रॉकेलवर घ्यायचं. पहिल्यांदा ते म्हाताऱ्यासारखं खोकायचं, मग एका लयीत बोलायला लागायचं, आणि त्या लयीवर आमची हरभऱ्याची, मिरचीची, अव्वाच्या हट्टापायी लावलेल्या मेथी-कोथिंबिरीची पट्टी भिजायची. मेथी काढली की त्या दिवशी घरात धपाटे व्हायचे. मला तर बरेच दिवस वाटायचं की धपाटे इंजिनातूनच येतात.

घरात आम्ही तिघंच, अव्वा, वडील म्हणजे अप्पा आणि मी. दोन्ही बहिणी लग्न होऊन उदगीरकडं गेलेल्या. अव्वाचं माहेरही तिकडचंच, त्यामुळं घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी चालायचं आणि भांडण झालं तर पूर्ण कानडी. अप्पा कमी बोलायचे. सकाळी आंघोळ, अंगभर विभूती, मग डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि पूजा झाल्यावरच तोंडात घास, हा त्यांचा नेम. ताप असो, लग्नाची वरात दारात उभी असो, आंघोळीवाचून लिंगाला हात नाही आणि पूजेवाचून अन्नाला हात नाही. अव्वा त्यातल्या त्यात सैल होती. ओल्या हातानं विभूती लावायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, देवाला आपलं घर ठाऊक हाय. अप्पांना हे पटत नसे, पण तिला कधी बोलले नाहीत. स्वतःपुरतं मात्र तसूभर सोडलं नाही. दसऱ्याला इंजिनालाही विभूतीची तीन बोटं ओढायचे. बैलांचा जो मान, तोच त्याचा.

मग पाऊस गेला. एक वर्ष कमी पडला, दुसऱ्या वर्षी पडल्यासारखं करून निघून गेला. विहिरीच्या तळाशी आधी चिखल राहिला, मग त्याला भेगा पडल्या, मग तिथं कबुतरं उतरायला लागली. चोरीच्या भीतीनं अप्पांनी इंजिन घरी आणलं आणि सोप्यात पोतं पांघरून ठेवलं. दर सोमवारी पोतं काढून ते फडक्यानं पुसायचे. धूळ बसलेली नसली तरी पुसायचे. अव्वा त्या वेळी तिथून उठून आत जायची. त्याच सुमारास लातूर जिल्हा झालं. उस्मानाबादचे हेलपाटे वाचले म्हणून गावात पेढे वाटले गेले, पारावर भाषण झालं, आता कालवे येतील, कारखाने येतील, नोकऱ्या येतील. जिल्हा आला, टँकरही आले. टँकर गावच्या कोरड्या आडात पाणी सोडायचा, आणि सगळं गाव चहूबाजूंनी दोऱ्या सोडून तेच पाणी पुन्हा वर ओढायचं. हा उलटा उद्योग कुणी काढला होता देव जाणे, पण आम्हाला तो सवयीचा झाला होता. अव्वा पहाटे जाऊन नंबर धरायची आणि दोन घागरी घेऊन यायची. त्यात घरातली माणसं आणि एक गाय.

मी तेव्हा नांदेडला होतो. शाळेत माझं काही जमलं नाही म्हणून अप्पांनी ओळखीनं मला देगलूर नाक्याजवळ खाजाभाईंच्या गॅरेजात घातलं होतं. खाजाभाई फटफट्यांचे मिस्त्री. शहरातल्या सगळ्या खटारा गाड्या त्यांच्याकडं यायच्या. माणूस रागीट, पण जेवायच्या वेळी मला हाक मारल्याशिवाय डबा उघडायचे नाहीत. मी शाकाहारी म्हणून भाजी वेगळी बांधून आणायचे. काम शिकलो ते त्यांच्याच हाताखाली. पण दुष्काळात नांदेडलाही गाड्या कमी आणि मिस्त्री जास्त, अशी गत झाली. तेवढ्यात लातूरहून कुणीतरी सांगावा आणला की टँकरच्या एका मुकादमाला माणूस पाहिजे. मी जाऊन भेटलो. त्यानं मला बाजेवर बसवलंसुद्धा नाही. त्याचे टँकर रानोमाळ बंद पडत होते, आणि तिथं जाऊन दुरुस्त करणारा मिस्त्री त्याला पाहिजे होता. "गाडी असंल तर ये," म्हणाला, "पायी मिस्त्री माझ्याकडं लई हायेत." येळवस अमावास्या झाली की पुढच्या सोमवारी, बारा वाजायच्या आत गाडी दाखवायची. नाहीतर दुसरा माणूस तयार होता.

नांदेडला परतलो ते डोक्यात एकच किडा घेऊन. खाजाभाईंच्या मागल्या अंगणात एक फटफटी पडून होती. सांगाडा, चाकं, गिअरबॉक्स सगळं शाबूत, फक्त इंजिन नाही. मालक इंजिन काढून घेऊन गेला तो आलाच नव्हता. आणि आमच्या सोप्यात इंजिन होतं, त्याला चाकं नव्हती. मी खाजाभाईंना बोललो तेव्हा ते हसले नाहीत. सांगाड्यापाशी बसले, वितीनं जागा मोजली, मग म्हणाले, "बैठ जाएगा बेटा. ताकद कम रहेगी, पर बैठ जाएगा." सांगाडा मला घेऊन जा म्हणाले. पंपाच्या इंजिनाला साखळीचं चाक कसं बसवायचं, ते त्यांनी स्वतः लेथवाल्याकडं उभं राहून करून घेतलं. मी सगळं एस.टी.च्या टपावर टाकून गावाकडं आणलं. कंडक्टर वाटभर मला शिव्या देत होता, पण उतरवताना त्यानंच हात लावला.

आता इंजिन मागायचं होतं. जेवण होईस्तोवर मी थांबलो. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीत पाण्यासारखं ताक, एवढंच ताटात असायचं त्या दिवसांत. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंजिन इहिरीचं हाय. माझं बी न्हाई, तुझं बी न्हाई." मला राग आला होता. कोरड्या विहिरीचं कसलं आलंय इंजिन, असं तोंडावर आलं होतं, पण अव्वानं डोळ्यांनी दाबलं. सोमवार आला. अप्पांनी पोतं काढलं, इंजिन पुसलं, आणि या खेपेला पोतं परत घातलं नाही. घडी करून माझ्या हातात दिलं. "ने," म्हणाले, "पण पाणी लागलं की परत बशीव." मी हो म्हटलं. पाणी लागणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि त्यांना ठाऊक नव्हतं असं आजही मला म्हणवत नाही.

लिंबाखाली मी गाडी जोडायला बसलो. एवढं सुख त्या वर्षात दुसरं कुठलं मिळालं नाही. गावाला काम नव्हतंच, सगळं गाव येऊन बसायचं. कुणी म्हणे नांगर बी जोड, कुणी विचारी ही पुढं जाणार का पाणी काढणार. मी पंप सुटा केला, इंजिन सांगाड्यात बसवलं, खालून पट्ट्या मारून घेतल्या. पंपाकडून इंजिनाकडं एक बारीक रबरी नळी यायची. पंपच गेला म्हटल्यावर नळीचं काय काम, म्हणून तीही काढली आणि तिच्या जागी उरलेली दोन भोकं बोल्ट घालून नीट बंद केली. धूळ जायला नको. बोल्ट मी तेल लावून, चकत्या घालून आवळले होते. इतकं मन लावून केलेलं चुकीचं काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल.

येळवस आली. आमच्या भागात या अमावास्येला घरात माणूस राहत नाही. रानात कडब्याची खोप करायची, दगडाचे पांडव चुन्यानं रंगवून मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील नेऊन पूजा करायची आणि दिसेल त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या वर्षी रानात उभं पीकच नव्हतं. तरी अप्पांनी खोप केली. भज्जीत हिरवं काही नव्हतं, नुसत्या डाळी आणि वाळलेल्या शेंगा. आंबील इतकी पातळ की तळ दिसायचा. अप्पा ती आंबील पळीनं शिंपडत, ते जुनं अर्धं कानडी म्हणणं म्हणत उघड्या ढेकळांभोवती फिरले. पिकाभोवती फिरायची रीत आहे. पीक नव्हतं, रीत होती. जेवणं झाल्यावर मी गाडी ढकलत बांधावर आणली, किक मारली, आणि ते ओळखीचं खोकणं रानभर झालं. अव्वा खोपीतून बाहेर आली. शेजारच्या रानातली माणसं उष्ट्या हातानं उठून आली. मी गाडी घेऊन त्या मोकळ्या रानाला चक्कर मारली, मग दुसरी मारली, पोरं ओरडत मागं पळाली. मला वाटलं सुटलो. खरंच तसंच वाटलं, या रानातून, या उन्हातून, आडाच्या त्या दोऱ्यांमधून सुटलो.

तिसऱ्या चकरेला जळका वास आला आणि इंजिन जड झालं. मी उतरलो. हात लावला तर कातडी चिकटेल इतकं तापलेलं. लोक म्हणाले नवीन जोडलंय, तापणारच. अप्पा जवळ आले, त्या बंद केलेल्या बोल्टांकडं बघितलं आणि म्हणाले, "ह्येला पाणी कुठनं?" तेवढंच. विहिरीवर ते इंजिन उपसलेल्या पाण्यातलंच थोडं पाणी त्या नळीनं स्वतःच्या अंगातून फिरवून घ्यायचं आणि थंड राहायचं. त्याला पाणी पाजावं लागतं हे आम्हाला कधी दिसलंच नाही, कारण ते पाण्यातच उभं असायचं. खाजाभाईंच्या साऱ्या गाड्या वाऱ्यावर थंड होणाऱ्या. त्यांना गाडीचं माहीत होतं, मला विहिरीचं. पाणी आमच्या दोघांच्या मध्ये राहून गेलं.

रेडिएटर लाव, असं सांगणारे तेव्हाही भेटले, आजही ही हकीकत सांगितली की भेटतात. जुना एक मिळवला होता. एका ठिकाणी डाग दिला की दुसरीकडं गळायचा. शेवटी रॉकेलचा पत्र्याचा डबा सीटच्या मागं वर बांधला, दोन नळ्या सोडल्या, खाली एक तोटी बसवली. डब्यातलं पाणी तापायचं, उकळायचं, वाफ होऊन जायचं, पण तोवर इंजिन चालायचं. मी चाकूरला जाऊन आलो. येईस्तोवर डबा कोरडा. अव्वानं घागर आणून ठेवली होती तिच्यातलं निम्मं पाणी त्यात गेलं होतं. लातूर त्याच्या कितीतरी लांब. मी अंगणात उभा राहून डब्याच्या तोंडातून निघणारी शेवटची वाफ बघत होतो आणि शेजारची म्हातारी भिंतीवरून बघत होती. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात घरात थेंब थेंब मोजला जात होता. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसली जात होती. मी अंग धुणं सोडलंच होतं. अप्पांची आंघोळ बादलीवरून लहान चरवीवर आली होती, आणि तीही परातीत बसून, म्हणजे खाली पडलेलं पाणी गायीला पाजता यावं. एवढं काटकसरीचं पाणी मी रस्त्यावर उकळायला नेणार होतो. अव्वाचं म्हणणं होतं की जा, एकदा कामाला लागलास की मुकादमाचा टँकरच तुझा, तिथं पाण्याला काय तोटा. हिशेब बरोबर होता. पण त्या एका दिवसाचं पाणी कुणाच्या वाट्यातलं? मी ठरवलं की गाडी न्यायची नाही. सोमवारी एस.टी.नं जाऊ, मुकादमाच्या पाया पडू, पुढं बघू. आज, इतक्या वर्षांनी, दारासमोर पोरं पाइप लावून गाड्या धुतात. धुवोत बापडी, त्यांची गाडी, त्यांचं पाणी. मी आपला आत जाऊन बसतो.

सोमवारी उजाडताना उठलो तर गाडी अंगणात वळवून रस्त्याकडं तोंड करून ठेवलेली. डबा काठोकाठ भरलेला. न्हाणीपाशी अप्पांची चरवी पालथी. अव्वा चुलीपुढं पाठ करून बसली होती, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. अप्पा ओट्यावर बसले होते, कपाळ कोरं. त्यांचं कपाळ मी तोवर कोरं पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच कुणाच्या घरात आल्यासारखं वाटलं.

"आंघोळ?" मी विचारलं.

"तू जाऊन ये. मग करतो."

"आणि पूजा?"

"लिंग कुठं जातंय का? थांबतंय तेबी."

आदल्या दोन दिवसांचंही त्यांनी थोडं थोडं मागं टाकलं होतं, ते नंतर अव्वानं सांगितलं. मी डब्याखालची तोटी सोडली, ओंजळीत पाणी घेतलं. त्याच्यावर रॉकेलचा तवंग होता, गंजाचा रंग होता. त्या पाण्यानं आंघोळ होणार नव्हती, गायीनं त्याला तोंड लावलं नसतं. तोटी बंद केली. आता गाडी नेली काय आणि नाही नेली काय, अप्पांचं पाणी गेलं ते गेलंच होतं. मला त्यांचा इतका राग आला की मी पायाही पडलो नाही. किक मारली आणि निघालो.

रस्ता मोकळा होता. सकाळचा गारवा होता, आणि खोटं कशाला बोलू, थोडा वेळ मी फार खुशीत होतो. बाभळी मागं पडत होत्या, बैलगाडीवाला बैलांना आवरून माझ्याकडं बघत होता, इंजिन त्याच जुन्या लयीत बोलत होतं. मुकादम गाडीभोवती फिरेल, हसेल, मग ठेवून घेईल. रात्रीच्या आत टँकरबरोबर मी गावात येईन आणि अप्पांच्या पुढं बादलीभर पाणी ठेवीन, असंही मनाशी रंगवलं. मग पाठीला ऊब लागायला लागली. ऊन चढलं तशी वाफ वाढली. चाकूर मागं पडलं, पुढचा चढ लागला, आणि चढावर इंजिनाला जास्त ताण पडून डबा भसाभसा उकळला. चढ संपायच्या आत गाडी थांबवावी लागली. डब्यात वाकून बघितलं तर तळाला घोटभर पाणी, बाकी सगळं हवेत. अप्पांची तीन दिवसांची आंघोळ त्या चढाला लागली.

रस्त्याच्या कडेला वस्ती होती. निळा झेंडा, पाच-सात घरं, पहिल्याच दारात एक बाई धान्य निवडत बसलेली. मी डबा सोडवून हातात घेतला आणि तिच्याकडं गेलो. वाटेतच कसं मागायचं ते जुळवत होतो. थोडं द्या, संध्याकाळी टँकर घेऊन येतो, दुप्पट देतो. खोटंही नव्हतं ते. तिनं माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, रस्त्यावर वाफाळणाऱ्या गाडीकडं बघितलं. मी घाईत निघालो तरी सवयीनं विभूती लावली होती, ती तिला दिसली.

"आमच्या घरचं पाणी चालतंय का तुमाला?" ती म्हणाली.

"चालतंय की."

"मग प्यायला पाह्यजे का गाडीला?"

तिच्या मागं दारात मातीचा एकच माठ दिसत होता, त्याच्या तोंडावर ताट आणि ताटावर दगड. पोरांनी उगीच उघडू नये म्हणून ठेवला असावा. आमच्याही घरी तसाच ठेवलेला असायचा. मी गाडीला म्हटलं असतं तर ती नाही म्हणाली नसती. लातूरला नोकरीला निघालोय म्हटलं असतं तर दगड बाजूला करून तिनं डबा भरला असता, आणि मग दुपारी तिच्या घरात काय झालं असतं ते मी सकाळीच माझ्या घरात बघून आलो होतो.

"प्यायला," मी म्हणालो.

तिनं तांब्या भरून दिला. मी तिच्यासमोर उभा राहून सगळा प्यालो, थेंब ठेवला नाही. तहान लागली होती हेही खरंच. अजून देऊ का म्हणाली, मी नको म्हटलं. रिकामा डबा घेऊन परत आलो आणि गाडीच्या सावलीला बसलो. लातूरकडं जाणारा एक टँकर समोरून रस्ता ओला करत गेला, त्याची तोटी गळत होती. हात केला असता तर थांबलाही असता. पण मुकादमाला मिस्त्री नव्हे, गाडीवाला मिस्त्री पाहिजे होता, आणि माझी गाडी रस्त्यात तहानेनं पडली होती. उन्हं डोक्यावर आली. बारा वाजून गेले असतील तेव्हा मी उठलो, गाडी फिरवली आणि गावाकडं ढकलायला लागलो.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. अप्पा ओट्यावर तिथंच. कपाळ कोरं, ओठ सुकलेले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. गाडी ढकलत आलेली पाहूनही त्यांनी विचारलं, "झालं का?" मी नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं आता तरी चिडतील, इंजिन माझं होतं म्हणतील. तर ते सरसावून बसले आणि समजावायच्या सुरात म्हणाले की मुकादम तरी माणूसच हाय, एका दिवसानं काय होतंय, वाटेत चढ हाय हे आपल्याला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक झालं. "उद्या दोन डबे बांध. तू गेल्यावर अव्वानं आणल्यालं पाणी म्या घेतलंच न्हाई. उद्याचं बी घेत न्हाई. परवापस्तोर मला काय होत न्हाई."

अव्वानं त्यांच्यापुढं ताट आणून ठेवलं. त्यांनी ते बोटानं हळूच बाजूला सारलं. आंघोळ नाही, पूजा नाही, जेवण कसलं. अव्वा भिंतीला टेकून तोंडात पदर धरून रडायला लागली, तरी ते माझ्याकडंच बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मला आजही नकोसं वाटतं. आशा होती. दोन वर्षं आभाळाकडं बघून, विहिरीत बघून जी आटली असं मी समजत होतो, ती सगळी त्यांनी त्या गाडीवर आणून ठेवली होती. गाडी अंगणात उभी आहे तोवर हा माणूस आंघोळ करणार नाही, जेवणार नाही, हे मला लख्ख दिसलं. मी हत्यारांची पिशवी काढली, जाडा पेचकस घेतला आणि त्या डब्याच्या बुडाला हातोडीनं भोक पाडलं. मग दुसरं पाडलं, मग मोजलं नाही. त्या डब्यात पाणी ठरणार नाही इतकी पाडली. मग पाना लावून इंजिनाचे बोल्ट सोडवले. अप्पा एकदा "आरं" म्हणाले. उठले नाहीत. अव्वानं येऊन इंजिनाला एका बाजूनं हात लावला आणि आम्ही दोघांनी ते उचलून सोप्यात ठेवलं.

"आता आंघोळ करा, अप्पा," मी म्हणालो.

त्यांनी सोप्यातल्या इंजिनाकडं एकदा बघितलं. मग उठले, राखून ठेवलेलं पाणी चरवीत घेतलं, परातीत बसून अंगावर घेतलं. दिव्याच्या उजेडात पूजा केली. ताटावर बसले, घास घेतला, आणि घास तोंडात असतानाच म्हणाले, "माझं पाणी, माझी आंघोळ. तू कोण न्हाई म्हणणार?" आवाज चढला नव्हता. भाकरी त्यांनी पुरी खाल्ली, कारण ताटात टाकायची रीत आमच्यात नाही, पण एकेक घास असा गिळला की अव्वाला तिथं बसवेना.

त्यानंतर कितीतरी दिवस अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. निरोप अव्वाच्या तोंडून यायचा, तोही कानडीत. मुकादमाकडं दुसरा मिस्त्री लागला होता. पुढं पाऊस झाला, फार नाही, पण झाला. विहिरीला पाणी काही लागलं नाही. मी लातूरला गेलो तो त्या पावसानंतर, एका गॅरेजात टँकर धुवायच्या कामाला, एस.टी.नं. अव्वा फाट्यापर्यंत आली. अप्पा आले नाहीत.